वाई ते पोलादपूर : आंबेनळीच्या वाटेवर कुठे थांबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : डिसेंबरात पुण्याहून दापोलीला स्वतःच्या गाडीने जायचंय. वाई, पाचगणी, महाबळेश्वर करून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचा बेत आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि सहावीतली मुलगी, मधे एक मुक्काम. महाबळेश्वरचे पॉइंट करण्यात वेळ घालवावा की रस्त्यात थांबत जावं? आणि थांबायचं तर कुठे?

थांबत जा, आणि पॉइंटांची यादी बाजूला ठेवा.

मी भूशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन या रस्त्याने माझं जाणं-येणं वर्षानुवर्षं चालू आहे, घरच्या मंडळींना घेऊनही. महाबळेश्वरचे बहुतेक पॉइंट म्हणजे एकाच पठाराच्या कडा. दोन कडा नीट पाहिल्या की तिसरीवर नवं फारसं हाती लागत नाही, वेळ मात्र गाडी लावण्यात जातो. रस्त्याचं तसं नाही. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, आणि तिथून चाळीसेक किलोमीटरवरचं पोलादपूर थेट कोकणात. एवढ्या अंतरात तुम्ही अख्खा सह्याद्री आडवा ओलांडता. म्हणून थांबे असे निवडा की प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारता येईल : इथे पडलेलं पाणी कुठल्या समुद्राला जातं? मुलीला हा प्रश्न वाईतच देऊन ठेवा. उत्तर रस्त्यात एका ठिकाणी बदलतं, आणि बहुतेकांना वाटतं त्या ठिकाणी ते बदलत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती फारशा पर्यटकांच्या कानावर गेलेली नसते. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा डोंगर तयार झाला. भूशास्त्रज्ञांनी या थरांचे गट पाडले, त्यातल्या वरच्या मोठ्या गटाला ‘वाई उपगट’ म्हणतात. त्याच्या आतली तीन प्रमुख नावं खालून वर अशी आहेत : पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. तुमच्या रस्त्यावरचीच नावं! जगात कुठेही दख्खनच्या लाव्हावर बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी ही नावं असतात. महाबळेश्वरहून खाली उतरताना तुम्ही नव्या थरांकडून जुन्या थरांकडे जात असता.

आता वाटेने जाऊ. पुण्याहून सकाळी सहाला निघा. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की आठच्या सुमाराला वाईत पोचाल. चहा-नाश्ता वाईतच करा. ढोल्या गणपतीचं देऊळ कृष्णेच्या काठावर अगदी पाण्यालगत आहे. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते बांधलं. मूर्ती भव्य आहेच, पण दर्शन झालं की देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन गाभाऱ्याची भिंत बघा. ती सरळ नाही, मधोमध निमुळती होत पुढे आलेली आहे. पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन्ही अंगांनी फाकतं, भिंतीवर जोर येत नाही. बांधणाऱ्याने नदी ओळखली होती. बाबांना बांधकामाची आवड असेल तर ते इथे बराच वेळ रमतील.

वाईतल्या घाटांवर हवं तेवढं फिरा. मराठी विश्वकोशाचं कामही याच गावातून झालं. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्याच प्राज्ञपाठशाळेत शिकले. पण सकाळचा मोठा वेळ मेणवलीसाठी राखून ठेवा. वाईपासून तीनेक किलोमीटरवर, मुख्य रस्ता किंचित सोडून आत. बहुतेक गाड्या पाचगणीच्या ओढीने सरळ निघून जातात, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी तिथे शांतता असते.

मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट. वाड्यात भित्तिचित्रं आहेत, लाकडी खांब आहेत, ते बघा. पण मी सगळ्यांना आधी घाटावर नेतो. मेणेश्वराच्या देवळाशेजारी एका छोट्या दगडी बांधकामात मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन तिच्या अंगावरचं चित्र नीट पाहा. कडेवर बाळ घेतलेली मेरी आहे, आणि साल आहे १७०७. ही चर्चची घंटा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई पोर्तुगीजांकडून घेतली, तेव्हा तिथल्या घंटा मराठे घेऊन आले. त्यातल्या काही देवळांना वाहिल्या गेल्या, आणि त्यातलीच एक कृष्णेच्या काठी महादेवाच्या दारात आली. कोणी तिच्यावरची मेरी खरवडून काढली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मुलीला हात लावून त्या उठावाच्या रेषा चाचपू द्या. घंटा वाजवण्याचा मोह मात्र आवरा, धातू जुना आहे.

घाटाच्या पायऱ्या मोठ्या आणि रुंद आहेत. आई-बाबांना वरच्या पायऱ्यांवर सावलीत बसता येईल. नदीच्या पाण्याकडे बोट दाखवून प्रश्न विचारायचा तो इथे : हे पाणी कुठे निघालंय? अरबी समुद्र इथून पश्चिमेला अगदी जवळ, आणि पाणी चाललंय पूर्वेला, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला. सुमारे १४०० किलोमीटर.

वेळ असेल आणि आईंना देवळं आवडत असतील तर पुढे धोमला जाऊन या. धोमेश्वराच्या देवळासमोर नंदी पाण्याच्या कुंडात, कासवाच्या पाठीवर बसवलाय. सगळ्यांना हे जमणार नाही, आणि नाही जमलं तरी चालेल.

वाई सोडली की पसरणी घाट. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. घाटात बुवासाहेबांचं देऊळ लागतं, तिथे एसटी आणि ट्रकवाले हात जोडून पुढे जातात. तुम्हीही वेग कमी करा, पण खरा थांबा घाट संपताना, वरच्या वळणांजवळ घ्या. रस्त्याची कडा जिथे रुंद आहे आणि आधीच एखाद-दुसरी गाडी उभी आहे, तिथेच गाडी घ्या. वळणाच्या टोकाला कधीही उभी करू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

इथून खाली वाईचं खोरं पसरलेलं दिसतं. धोम धरणाचं पाणी, उसाची आणि हळदीची रानं, मधून वळत जाणारी कृष्णा, आणि समोर सपाट माथ्याचे डोंगर. ते माथे एका पातळीत दिसतात, आणि तुम्ही उभे असलेला माथाही जवळपास त्याच पातळीत आहे. एके काळी हे सगळं एकच पठार होतं. नदीने आणि तिच्या ओढ्यांनी मधला भाग कोरून नेला, उरले ते हे सुटे माथे. डोंगर वर आले नाहीत, खोरी खाली गेली. मुलांना हे कळतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी हा थांबा कधीच चुकवत नाही.

पाऊसही इथेच समजावून सांगा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीत दोन हजारांच्या आसपास, आणि खाली दिसतंय त्या वाईत हजाराच्याही आत. तीन ठिकाणं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने. समुद्रावरून आलेले ढग पहिल्या कड्यावरच रिकामे होतात आणि पूर्वेला उरलंसुरलं येतं. पुढे जाताना झाडं बघत राहा. पाचगणीची झाडं आणि महाबळेश्वरचं दाट, बुटकं, कायम हिरवं जंगल यातला फरक गाडीच्या काचेतूनही कळतो.

पाचगणीत टेबललँड करा. गर्दी असते, घोडेवाले मागे लागतात, तरी करा, फक्त तिथे गेल्यावर पायांखाली बघा. घाटातला काळा दगड इथे नाही. तांबडा, छिद्रांचा जांभा आहे, कोकणातल्या घरांना वापरतात तसा. काळा दगडच लाखो वर्षं पावसात मुरून, त्यातली विरघळणारी द्रव्यं वाहून जाऊन, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा कठीण थर झालाय. या झाकणामुळेच माथा सपाट टिकलाय. कडेला जाऊन बघितलंत तर जांभ्याच्या खाली झिजून पोकळ्या झालेल्या दिसतात. आई-बाबांना फार चालवू नका, पठारावर ऊन लागतं आणि सावली नाही. अर्धा-पाऊण तास पुरे.

पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे भिलार आहे. माझ्या मते तुमच्या मुलीसाठी अख्ख्या प्रवासातला सगळ्यात चांगला थांबा हाच, आणि मुक्कामही शक्यतो इथेच करा. मे २०१७ पासून भिलार ‘पुस्तकांचं गाव’ आहे. राज्य मराठी विकास संस्थेच्या या उपक्रमात गावातल्या लोकांनी आपल्या घरातली खोली, ओसरी, देवळाची जागा पुस्तकांसाठी दिली. एका घरात कथा, एकात चरित्रं, एकात बालसाहित्य, एकात इतिहास असं विषयांनुसार वाटलेलं आहे. घराच्या भिंतीवर रंगवलेला फलक बघायचा, चपला काढून आत जायचं, पुस्तक घेऊन बसायचं. पैसे लागत नाहीत. घरातल्या बाई स्वयंपाक करत असतात, कोणी स्ट्रॉबेरीच्या खोक्यांची आवराआवर करत असतं, आणि तुम्ही त्यांच्या खुर्चीत बसून वाचत असता. बाबांना एखादा जुना दिवाळी अंक सापडला की दुपार तिथेच जाईल, त्यांना उठवू नका. हे लोकांचं राहतं घर आहे एवढं मात्र लक्षात असू द्या : मोठ्याने बोलणं, फोटोंची घाई, पुस्तक उघडं टाकून निघून जाणं, यातलं काही नको.

गावात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय मिळते. महाबळेश्वरच्या बाजारपेठेतल्या हॉटेलापेक्षा इथे रात्री झोप चांगली लागेल.

स्ट्रॉबेरी इथल्याच शेतात जाऊन घ्या. डिसेंबरात हंगाम सुरू झालेला असतो, तो मार्चपर्यंत तरी चालतो. गादीवाफे, त्यावर मल्चिंगचा कागद, खालून ठिबकच्या नळ्या, आणि कागदाच्या भोकातून वर आलेली रोपं. शेतकऱ्याला स्ट्रॉबेरीची जात विचारा : विंटर डॉन, स्वीट चार्ली अशी नावं ऐकायला मिळतील, आणि दोन जातींची फळं शेजारी ठेवून खाल्लीत तर फरक कळेल. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दापोलीला न्यायची असतील तर निघायच्या सकाळी घ्या आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका. दोन वळणांत खालचा थर चेपतो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघा. वेण्णा तलाव, बाजार, मक्याची कणसं हे सगळं गाडीतूनच बघत पुढे जा आणि थेट क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं महाबळेश्वर गाठा. पंचगंगेच्या देवळात सकाळी गर्दी कमी असते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांची पाणी इथे एकत्र येऊन गोमुखातून पडतात अशी श्रद्धा आहे. श्रद्धेच्या जोडीला भूगोलही विलक्षण आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेला उतरतात. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कराडला प्रीतिसंगमावर. सावित्री मात्र पश्चिमेला कड्यावरून खाली झेप घेते आणि शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. एकाच माथ्यावर पडलेल्या दोन थेंबांच्या वाटा अशा फुटतात. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं हे निम्मं उत्तर.

पंचगंगेपासून थोडंसं चालून गेलं की कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे. तिकडे फारसं कोणी जात नाही. काळ्या दगडातलं साधं, भारी बांधकाम, दगडी गोमुखातून कुंडात पडणारं पाणी, आणि अंगणाच्या कडेवरून दिसणारं कृष्णेचं खोरं. काल मेणवलीला ज्या पाण्यात पाय बुडवले ते याच बाजूने खाली जातं. आईंना मी तरी दोन्ही देवळांत हेच जास्त वेळ दाखवीन.

पॉइंटांपैकी एकच करायचा तर आर्थर सीट. जुन्या महाबळेश्वरहून रस्ता तसाच पुढे जंगलातून जातो. टोकावर उभं राहिलं की डावीकडे सावित्रीची दरी सरळ तुटून कोकणात उतरते, खाली बघताना पोटात गोळा येतो. उजवीकडे कृष्णेचं जोरचं खोरं आहे, तेही खोल पण उताराचं, झाडीचं, अंगावर न येणारं. सह्याद्रीची पश्चिमेची बाजू तुटलेली आणि पूर्वेची उतरती, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. दोन्ही बाजू एका जागी उभं राहून, नुसती मान वळवून बघता येतील अशी इतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. गाडीतळापासून थोडं चालणं आणि पायऱ्या आहेत. बाबांचे गुडघे दुखत असतील तर पहिल्या कठड्यापर्यंतच जा, तिथूनही पुरेसं दिसतं. माकडांच्या समोर खाऊची पिशवी उघडू नका.

दहाच्या सुमाराला महाबळेश्वरला परत या आणि आंबेनळी घाटाला लागा. पेट्रोल त्याआधीच भरून घ्या.

इथून पुढे वाहन चालवणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. उतार लांबचा आहे, तेव्हा गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेकवर पाय राहिला तर ब्रेक तापून जळका वास येऊ लागतो. तसा वास आला तर रुंद जागा बघून गाडी वीस मिनिटं उभी करा, चाकांवर पाणी ओतू नका. आणि चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. मुलीला गाडी लागत असेल तर तिला पुढे बसवा, पोटभर नाश्ता देऊ नका, आणि मोबाइल हातातून काढून घ्या. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि ३० जण गेले. घाटात शिरताना मी विद्यार्थ्यांना हे सांगतो. त्यानंतर कोणी ड्रायव्हरशी गप्पा मारत बसत नाही.

घाटाच्या वरच्या भागात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे भिंतीत थर उघडे पडलेत. आधी सांगितलेले लाव्हाचे थर ते हेच. कडेला सुरक्षित जागा मिळाली आणि वरून दगड सुटायची लक्षणं नसली, तर पाच मिनिटं थांबा. खाली घट्ट काळा दगड असतो, वर जाताना त्यात भोकं वाढत जातात. लाव्हा थंड होताना आतला वायू बुडबुड्यांनी वर चढला आणि तिथेच अडकला. अशा भोकांमध्ये नंतर पाझरलेल्या पाण्याने पांढरी, कधी हिरवट खनिजं भरली, ती उन्हात चमकतात. त्याच्याही वर हात-दोन हात जाडीचा लालभडक पट्टा दिसतो. बोट लावलं तर भुगा निघतो, बोट लाल होतं. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात आधीच्या लाव्हावर माती तयार झाली होती, ती ही. पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहत आला आणि माती विटेसारखी भाजली. म्हणजे त्या दोन काळ्या थरांच्या मधे एक मोठा शांत काळ होऊन गेला, आणि तो तुमच्या मुलीच्या हाताला लागतो. दगड फोडून घेऊ नका, भिंत सैल होते आणि पुढच्याच्या डोक्यावर येते.

इथल्या लाव्हाबद्दल अजून एक सांगतो. खोलातून वर येताना लाव्हात बहुधा वाटेतल्या जुन्या खडकांची भेसळ होते. आंबेनळीच्या थरात ती सगळ्यात कमी आढळते, म्हणून पृथ्वीच्या आतलं मूळ द्रव्य कसं होतं हे समजून घ्यायला अभ्यासक या थराकडे वळतात. डोळ्यांना हे दिसत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते.

पुढे वाडा कुंभरोशी. जेवण इथेच करा, पण पुढचा प्रतापगड बघून खाली आल्यावर. पिठलं-भाकरी, ठेचा, ताक, कुठे नाचणीची भाकरी मिळेल. घरगुती ठिकाण निवडा, भाकरी थापल्याचा आवाज येतो ते.

मुलीला तिचा प्रश्न पुन्हा विचारायची जागाही हीच. एवढा घाट उतरलो, म्हणजे आता कोकण आलं, पाणी अरबी समुद्राला, असं सगळेच म्हणतात. नाही. इथलं पाणी अजून कोयनेचं आहे. जवळच पार गावाजवळ कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे, कमानी अजून भक्कम आहेत, आणि गावात रामवरदायिनीचं देऊळ. पुलाखालचं पाणी कोयनेतून कराडला, तिथून कृष्णेतून पुढे बंगालच्या उपसागराला जातं. जलविभाजक, म्हणजे पाण्याच्या वाटा वेगळ्या करणारी डोंगराची रेषा, अजून पुढे आहे, प्रतापगडाच्या खिंडीत.

म्हणून प्रतापगड चुकवू नका. मोरोपंत पिंगळ्यांनी महाराजांच्या आज्ञेने हा किल्ला बांधला, साधारण १६५६-५७ मध्ये. पूर्वेला पार, पश्चिमेला कोकणातलं किनेश्वर, आणि मधल्या वाटेवर किल्ला. १० नोव्हेंबर १६५९ ची लढाई सहावीतल्या मुलीला पाठ असते. पण अफझलखानाची छावणी आधी वाईला होती, आणि तिथून महाबळेश्वरचं पठार ओलांडून, रडतोंडीच्या घाटाने तो पारला उतरला, हे तिला गडावर उभं राहून सांगा. दोन दिवसांत तिने गाडीतून जी वाट पाहिली, साधारण तीच ती वाट. हत्ती, तोफा, घोडदळ घेऊन मोकळ्या वाईच्या मैदानातून या जावळीच्या रानात उतरणं म्हणजे काय, हे बुरुजावरून खाली बघितलं की सांगावं लागत नाही. महाराजांनी भेटीची जागा इथे का ठरवली, याचं उत्तर जमिनीत आहे.

गाडी गडाच्या जवळपर्यंत जाते, त्यापुढे पायऱ्या बऱ्याच आहेत. आई-बाबांनी भवानीच्या देवळापर्यंत सावकाश यावं आणि थांबावं. तुम्ही मुलीला घेऊन बालेकिल्ल्यात जा, तिथे महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, १९५७ मध्ये पंडित नेहरूंनी अनावरण केलेला. पश्चिमेच्या तटावरून कोकण दिसतं, पूर्वेच्या तटावरून जावळी. तटाच्या एका बाजूला पडलेला पाऊस सावित्रीला जातो, दुसऱ्या बाजूचा कोयनेला. मुलीला हे तिचं तिला शोधू द्या, सांगू नका.

जवळच्या मांघरला २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून ओळख मिळाली. वेळ असेल तर तिथे जा, नाहीतर मध महाबळेश्वरात मधपाळांच्या सहकारी संस्थेकडून घ्या. रस्त्यावरच्या सुट्या बाटल्या मी घेत नाही.

खिंड ओलांडली की हवा बदलते. काच खाली केलीत तर दमटपणा लगेच जाणवतो. पुढचा उतार वळणांचा आहे, तिथे विनाकारण थांबू नका. पोलादपूरला पोचलात की मुंबई-गोवा महामार्ग लागतो. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे, महाराजांचं चरित्र संस्कृतात रचणारे ते. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ इथून आत आहे. तुम्हाला त्याच दिवशी दापोली गाठायची असल्याने ते परतीच्या प्रवासासाठी ठेवा. गडावरून दीडपर्यंत खाली आलात आणि जेवण अर्ध्या-पाऊण तासात आटोपलंत, तर पोलादपूर सव्वातीनपर्यंत, पुढे कशेडी, खेड करून अंधार पडेपर्यंत दापोली. गडावर उशीर झाला तर रात्रीचा प्रवास टाळा, खेडला मुक्काम करा.

शेवटचं, कारण हे उत्तर वाचून कोणी जुलैत निघेल. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि वाहतूक बराच काळ बंद होती. पावसाळ्यात हा घाट विलक्षण सुंदर असतो आणि तेव्हाच तो सगळ्यात धोक्याचा असतो. जून ते सप्टेंबरात जायचं असेल तर निघायच्या दिवशी सकाळी महाबळेश्वर किंवा पोलादपूर पोलीस ठाण्यात फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारा. नकाशावर रस्ता हिरवा दिसतो म्हणून निघू नका. दाट धुक्यात गाडीचे दिवे खालच्या झोतावर ठेवा, आणि दरड पडलेली दिसली तर तिच्या बाजूने गाडी काढायचा प्रयत्न न करता मागे फिरा. पाचगणी-वाईमार्गे महामार्गावर परत जायला वेळ जास्त लागेल, तो लागू द्या.